टास्कसेट: कोर बांधणाऱ्या लांबलचक स्क्रिप्टवर उतारा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत कास्टिंग तपासणारा कॅमेरा, डेटाबेस आणि बॅकअप हे तिन्ही एकाच लिनक्स पीसीवर असले, की बॅकअप सुरू होताच कॅमेरा अडखळू लागतो. मग प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, प्रोसेसरच्या ठरावीक कोरवर बांधणारी शेल स्क्रिप्ट येते आणि हळूहळू फुगत जाते. युटिल-लिनक्स पॅकेजमधलं टास्कसेट नीट वापरलं तर तिच्यातल्या बहुतेक ओळी काढून टाकता येतात. पैसे लागत नाहीत, आणि सहसा ते आधीच इन्स्टॉल असतं.

अशा स्क्रिप्टमध्ये चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएसची यादी, त्यातून नाव शोधणारा ग्रेप, त्या ग्रेपलाच वगळणारा दुसरा ग्रेप, क्रमांक वेगळा काढणारं ऑक आणि वर हेक्स मास्कचा, म्हणजे हवे ते कोर एका हेक्स आकड्यात मांडण्याचा हिशेब असतो. पहिल्या चौघांचं काम एकटा पीग्रेप करतो. मास्कचीही गरज नाही. कोर २ आणि ३ साठी ०एक्ससी लिहिण्याऐवजी 'टास्कसेट -सी २,३' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव द्या. प्रोग्रॅम असा सुरू केला तर पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, शोधायचा प्रश्नच उरत नाही. त्याने पुढे सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसनाही आपोआप तेच कोर मिळतात, म्हणून त्यांना एकेक करून बांधणारा लूपही काढून टाका.

चालू प्रोसेस बांधताना मात्र हमखास घोळ होतो. नुसतं '-सी -पी' दिलं तर प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या थ्रेडपैकी फक्त मुख्य थ्रेड बांधला जातो, आधीपासून चालू असलेले बाकीचे थ्रेड मोकळेच राहतात. '-ए' जोडायलाच हवं. शिवाय प्रोसेस रीस्टार्ट झाली की पीआयडी बदलतो आणि बांधलेलं सुटतं. म्हणून तर स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, दर मिनिटाला फिरवावी लागते. प्रोग्रॅम सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस असेल तर तिच्या फाइलमध्ये सर्व्हिस विभागात 'सीपीयूअ‍ॅफिनिटी=२ ३' लिहा, डीमन-रीलोड करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. स्क्रिप्टच नको.

टास्कसेटला पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत, कारण ते कोर राखून ठेवत नाही. कॅमेरा २ आणि ३ वर बांधला तरी बॅकअप तिथे येऊ शकतो. त्यालाही उरलेल्या कोरवर बांधावं लागतं. हायपरथ्रेडिंग असेल तर आणखी एक अडचण: वेगळे दिसणारे दोन क्रमांक एकाच खऱ्या कोरचे असू शकतात. क्रमांक ठरवण्याआधी 'एलएससीपीयू -ई' चालवून कोरचा रकाना बघा. बांधून झाल्यावर 'टास्कसेट -ए -सी -पी' आणि पीआयडी दिला की प्रत्येक थ्रेडची कोर-यादी दिसते. आठ क्रमांकांच्या पीसीवर एखाद्या ओळीत ०-७ दिसलं तर तो थ्रेड सुटलेला आहे.