‘दॅट’ एकदा की दोनदा?

मालवणात वहिनी होमस्टे चालवतात. परवा पाहुण्यांना त्यांनी इंग्रजीत मेसेज लिहिला: ‘द बोटमन सेज दॅट द सी इज रफ अँड द फोर्ट इज क्लोज्ड.’ आता किल्ला बंद आहे हे होडीवाला सांगतोय, की वहिनी स्वतः? दोन्ही अर्थ निघतात. ‘अँड दॅट द फोर्ट इज क्लोज्ड’ केलं की दोन्ही गौणवाक्यं होडीवाल्याच्याच तोंडी जातात. उलट ‘अँड’आधी स्वल्पविराम टाकला, तर दुसरं वाक्य वहिनींचं वाटू लागतं. मराठीत ‘...असं होडीवाला म्हणतो’ म्हटलं की शेवटी गाठ पक्की बसते. (‘की’ने सुरुवात केली तर मात्र आपलाही हाच घोळ.)

‘इफ’ला एवढं जपावं लागत नाही. ‘इफ इट रेन्स अँड द बोट इज लेट, कॉल मी’ यात एकच ‘इफ’ पुरतो. दुसरा चूक नाही, नुसता जड. वाक्यं आखूड असली तर मी ‘दॅट’ही एकदाच लिहितो, पण कोण बोलतंय याचा संशय आला की दुसरा घालतोच.

वहिनींनी दुसरा ‘दॅट’ घातला आणि खाली होडीवाल्याचा फोन नंबरही.