आयटीआयचं इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस पालक शिबिर: जमलं तर दोघांनी जा

मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या तालुक्याच्या सरकारी आयटीआयने पालकांसाठी अप्रेंटिसशिपचं मार्गदर्शन ठेवलेलं त्याला मी आणि मिसेस दोघंही गेलो. फुकट आहे आणि खरंच कामाचं आहे.

मला सगळ्यात पटलं ते हे की निदेशक सरांनी कुणालाच गाजर दाखवलं नाही. सरळ म्हणाले, अप्रेंटिस म्हणजे नोकरी नाही, 1961 च्या कायद्यानुसार पोरगा तिथे शिकायला असतो, वर्ष संपलं की कंपनीने त्याला घेतलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. अर्धे पालक तर हेच विचारायला आले होते की पर्मनंट कधी करतात. स्टायपेंडचं पण नीट सांगितलं, 2019 च्या नियमांत आयटीआय पास मुलाला महिन्याला कमीत कमी 7000 ठरलेत, त्यातले 1500 पर्यंत सरकार देतं.

पण खरी गोष्ट करारनाम्याची. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करार रजिस्टर झालाय का ते आधी बघा असं त्यांनी दोन-तीनदा बजावलं, कारण तो नसेल तर पोरगा वर्षभर केबल ओढणार, पॅनल पुसणार आणि शेवटी परीक्षेलाही बसता येणार नाही, म्हणजे एनएसी (अप्रेंटिसशिप पूर्ण केल्याचं राष्ट्रीय) सर्टिफिकेट गेलंच हातातून. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे "चिकटवून देतो" म्हणणारे गावोगावी आहेत, त्यांच्या नादी लागू नका हो.

मिसेसने शॉक लागला तर काय असं विचारलं तर सर म्हणाले ट्रेनिंगमध्ये अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. हे बरं वाटलं, पण हा विषय पाच मिनिटांत उरकला ते मला अजिबात आवडलं नाही. शटडाऊन घेतल्याशिवाय, म्हणजे वीज बंद करून घेतल्याशिवाय, लाइनला हात लावायचा नाही, ग्लोव्हज कोण देणार, पोराबरोबर अनुभवी वायरमन असणार का, हे कंपनीला कसं विचारायचं ते पालकांना शिकवायला पाहिजे, आपली पोरं अठरा-एकोणीसची असतात आणि साहेबाला नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात नसते.

अजून एक, महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला आयटीआयबरोबर बारावी पण मागतात, त्यावर कुणी बोललंच नाही. दहावीनंतर थेट आयटीआयला घातलेल्यांनी हे स्वतः विचारा. आणि शिबिर रविवारी ठेवा ही विनंती, रोजंदारीवरच्या कितीतरी आईबापांना त्या दिवशी येताच आलं नाही.

पाचपैकी चार स्टार.