काळी बाटली, ‘जुना फॉर्म्युला’ आणि साडेसात हजार रुपये

कोल्हापुरात सध्या ‘जुन्या फॉर्म्युल्याचा माल’ म्हणून पुरुषांच्या नावाजलेल्या परफ्यूमच्या बाटल्या विकल्या जात आहेत. त्यातली एक आमच्या घरात आली, साडेसात हजारांना. बाटली जुनी, खोकं भलत्याच बाटलीचं आणि आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. परफ्यूमची आवड असलेल्या आणखी कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

परफ्यूम होतं ड्राकार न्वार. गी लारोश या फ्रेंच ब्रँडचं, 1982 साली बाजारात आलेलं. आखातात नोकरी केलेल्या पिढीला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. आमचे दाजी मस्कतला होते. सुट्टीवर आले की बॅगेतून खजुराच्या डब्याबरोबर ही काळीभोर बाटली निघायची, आणि ते जिना चढताहेत हे माडीवर बसलेल्यांना आधीच कळायचं. यंदा त्यांची साठी. ताई म्हणाली, ‘दुकानातलं नवीन आणलं होतं रे, पण ते म्हणतात त्यात तो वास राहिला नाही. जुनं कुठं मिळतंय का बघ.’

दाजींचं म्हणणं खरंच आहे. त्या काळच्या बऱ्याच पुरुषी परफ्यूमच्या तळाशी, म्हणजे शेवटपर्यंत उरणाऱ्या वासात, ओकमॉस असायचा. ओकच्या झाडांवर वाढणारा हा शेवाळासारखा दिसणारा प्रकार आपल्या कांदा-लसूण मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचा लांबचा भाऊबंद. ओली माती, झाडाची साल, किंचित कडवटपणा असा त्याचा गडद वास, आणि बाकीच्या वासांना तो अंगावर धरून ठेवतो. पण त्यातल्या अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल या दोन घटकांची काहींच्या त्वचेला अॅलर्जी होते. सुगंध उद्योगाची इफ्रा नावाची संघटना 1973 पासून आहे, तिने ओकमॉसच्या वापरावर मर्यादा घातल्या. पुढे युरोपियन युनियनने 2017 च्या नियमाने हे दोन घटक आणि लायरल नावाचं सुगंधी रसायन यांवर बंदीच आणली. ऑगस्ट 2019 पासून ते असलेला नवा माल तिथल्या बाजारात आणता येईना, ऑगस्ट 2021 पासून दुकानातला जुना मालही विकता येईना. मार्च 2022 मध्ये लिलिअल या आणखी एका सुगंधी रसायनावर बंदी आली. कंपन्या आता हे दोन घटक काढून टाकलेला ओकमॉस वापरतात किंवा दुसऱ्या कशाने ती जागा भरून काढतात. नाव तेच, बाटली तीच, आतलं मिश्रण वेगळं, आणि ‘फॉर्म्युला बदलला आहे’ असं खोक्यावर छापायचं बंधन कुणावर नाही.

या खऱ्या गोष्टीच्या आडोशाला हा खोटा धंदा उभा आहे. फॉर्म्युला वेळोवेळी बदलतो म्हटल्यावर मूळ वास नेमका कसा होता हे छातीठोकपणे कोण सांगणार? वास वेगळा लागला तर ‘हाच तर जुना’, फिका लागला तर ‘बाटलीचं वय झालंय’. गिऱ्हाईक कुठूनही आलं तरी उत्तर तयार.

ओळखीतल्या एकाकडून राजारामपुरीतल्या विक्रेत्याचा नंबर मिळाला. दुकान नाही, घरातूनच विक्री. ‘साहेब, 1990 चा माल हाय. दुबईत एक दुकान बंद पडलं, त्याच्या गोडाऊनमधला.’ नऊ हजारांवरून साडेसातवर आला. पैसे यूपीआयने घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, ‘जुन्या मालाला बिल कुठलं ओ?’ वास बघू का विचारलं तर सील फुटेल म्हणाला.

दाजींनी मनगटावर मारलं. सुरुवात झक्कास होती, लिंबू आणि लव्हेंडर एकदम ताजं. ताईचा चेहरा खुलला. पण जेवणं उरकेपर्यंत मनगटावर काहीच उरलं नव्हतं. दाजींनी दोनदा हुंगून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘ह्याला खाली काहीच न्हाई.’

इथेच सगळं उघडं पडलं. परफ्यूम जुनं झालं की आधी वरचे, म्हणजे मारल्या मारल्या येणारे, वास बिघडतात, कारण लिंबूवर्गीय तेलातली हलकी द्रव्यं हवा, ऊन आणि उष्णता सोसत नाहीत. तळातले जड वास, म्हणजे लाकूड, ओकमॉस, कस्तुरीचा प्रकार, बराच काळ टिकून राहतात. खरोखर तीस-पस्तीस वर्षांची बाटली असती तर सुरुवात थोडी आंबूस, उतरलेली लागली असती आणि शर्टाला वास दुसऱ्या दिवशीही राहिला असता. आमच्या बाटलीत नेमकं उलटं. वरचा वास ताजा आणि तळ गायब, म्हणजे जुन्या बाटलीत अलीकडे भरलेला स्वस्त माल.

मग दिव्याखाली नीट पाहिलं. खोक्यावर घटकांच्या यादीत लिनालूल, लिमोनीन, कूमरीन अशी नावं वेगवेगळी छापलेली. अॅलर्जी आणू शकणाऱ्या 26 सुगंधी घटकांची नावं अशी स्वतंत्र छापायचा युरोपचा नियम मार्च 2005 पासूनचा. 1990 च्या खोक्यावर ती यायचं कारणच नाही. बाटलीच्या बुडाचा बॅच नंबर एक, खोक्याच्या तळाचा दुसरा. स्प्रेखालच्या धातूच्या कड्यावर पकडीचे ओरखडे, आणि कडं बोटाने फिरत होतं. कारखान्यात दाबून बसवलेलं कडं सहसा असं फिरत नाही.

विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘साहेब, इतक्या वर्षांत वरचा वास उडतोय की.’ वरचाच तर शाबूत आहे, म्हटलं. खोक्यावरच्या यादीचं सांगितल्यावर ‘खोकं बदललं असंल’ म्हणाला. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

मला राग पैशांपेक्षा याचा येतो, की एका माणसाच्या तरुणपणाची ओढ ओळखून त्यावर हा बाजार मांडलाय. ताई त्या दिवसापासून हा विषयच काढत नाही.

कुणी जुनं परफ्यूम घेणारच असेल तर पूर्ण बाटलीआधी दोन मिली मागून घ्या, पैसे देऊन घ्या, आणि सकाळी लावून रात्रीपर्यंत बघा. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. बुडाचा आणि खोक्याचा नंबर हातात घेऊन जुळवा, फोटोवर जाऊ नका. बिल नाही तर व्यवहार नाही. आमच्याकडे यूपीआयची नोंद आणि चॅट होतं, त्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पैसे अजून आलेले नाहीत.

त्या विक्रेत्याच्या कपाटात आणखी बाटल्या होत्या: कूरोसची पांढरी, पोलोची गर्द हिरवी आणि ड्राकारच्याच आणखी दोन काळ्या. सगळ्या अशा, की आत किती आणि कोणत्या रंगाचं भरलंय ते बाहेरून दिसू नये. पारदर्शक काचेची एकही नव्हती. राजारामपुरी-शाहूपुरी भागात ‘दुबईच्या गोडाऊनमधला 1990 चा माल’ असं सांगत कुणी या बाटल्या दाखवल्या, तर हा तोच माल असण्याची शक्यता मोठी आहे.