सातेरीच्या दोन पेट्या, 22 महिन्यांनंतर

डिसेंबर 2023 मध्ये लांज्याजवळच्या आमच्या काजूच्या बागेत सातेरी या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. दोन हंगाम आणि दोन पावसाळे गेल्याशिवाय काही लिहायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं. पहिल्या चार महिन्यांत लिहायला बसले असते तर नुसतं कौतुकच लिहून झालं असतं.

आधी पेट्यांविषयी. दोन्ही आठ चौकटींच्या (एकेका चौकटीत माश्या एकेक पोळं बांधतात), पण वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेल्या. सागवानी पेटी वसाहतीसकट साडेपाच हजारांना पडली, प्लायवूडची साडेचार हजारांना. हजार रुपये वाचवले, ते अंगाशी आले. प्लायवूड पहिल्याच जूनमध्ये फुगलं, झाकण नीट बसेना. पण त्याआधीच चौकटींनी त्रास दिला होता. माशीला जायला-यायला साधारण 8 मिलिमीटरची वाट लागते. त्याहून जास्त जागा मोकळी दिसली की तिथे ती मेण लावून पोळं बांधायला घेते. 1851 मध्ये लँगस्ट्रॉथ या अमेरिकन माणसाने ही वाट ओळखली आणि चौकटी सुट्या काढता येतील अशी पेटी तयार केली. माझ्या स्वस्त पेटीत हे अंतर कुठे कमी, कुठे जास्त. दोन पोळी एकमेकांना चिकटली होती. एक चौकट वर ओढली तशी दुसरीवरची पिल्लांची घरं फाटली. पांढरी, मऊ पिल्लं उघडी पडली आणि कामकरी माश्या लगेच त्यांच्यावर जमा झाल्या. तो दिवस मी विसरलेले नाही. पेटी घेताना दुकानातच पट्टी लावून सगळ्या चौकटींमधलं अंतर मोजा, लाजू नका.

स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायलाच हवेत. आमच्याकडे ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, भरपूर, एक रात्र वाटी कोरडी राहिली तरी पुरते. माश्या शांत करायच्या धुरांड्यात मी नारळाची सुकी सोडणं घालते. धूर थंड येतो आणि बराच वेळ टिकतो. हातमोजे तीन महिन्यांत सोडले. जाड बोटांनी माश्या चिरडतात, आणि चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या चिडतात. डोक्यावरची जाळी मात्र अजून एकदाही टाळलेली नाही.

पहिला हंगाम छान गेला. काजूचा मोहर, मग जांभूळ. मार्च-एप्रिलमध्ये चार किलो मध निघाला. जांभळीच्या फुलोऱ्यातला मध गडद आणि किंचित तुरट असतो. आमच्या घरी सगळ्यांना तोच आवडतो. दुपारी दारावर माश्या पंखांनी वारा घालत बसायच्या, तोंड बाहेर करून. सातेरी अशी बाहेर तोंड करून वारा आत ढकलते, परदेशी मेलिफेरा उलटी बसते. मी चहाचा कप घेऊन तिथे अर्धा-अर्धा तास बसत असे.

मग मे महिना आला आणि मी चूक केली. मध कोठीत, म्हणजे पेटीच्या वरच्या, मध साठवायच्या भागात, अजून मध दिसत होता. पाऊस पडायच्या आत काढून घेऊ म्हणून दोन्ही पेट्यांतून शेवटचा दीड किलो काढला. निम्म्याहून जास्त घरांवर मेणाची टोपणंच चढलेली नव्हती. म्हणजे माश्यांनी त्यातलं पाणी अजून पुरतं उडवलं नव्हतं. तीन आठवड्यांत बाटल्यांत फेस आला, आंबट वास सुटला. मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबणारच. ज्यांना बाटल्या दिल्या होत्या त्यांच्याकडून परत आणल्या आणि सगळा मध टाकून दिला.

खरी किंमत जुलैत कळली. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. नवव्या दिवशी प्लायवूडची पेटी उघडली, तर आत शांत. पोळी जागेवर, पण एकही पिल्लू नाही, मधाचा थेंब नाही. तळपाटावर मेलेल्या माश्या जेमतेम मूठभर. रोगाने मेली असती तर असं दिसलं नसतं. वसाहत उपाशी पडली आणि उठून गेली. पेटी गळत होती हेही खरं, पण पावसाळ्याची त्यांची शिदोरी मी मेमध्ये बाटलीत भरली होती. पंधरा दिवसांत उरलेल्या पोळ्यांना मेणकिडा लागला.

त्यानंतर महाबळेश्वरला मध संचालनालयात दहा दिवसांचं प्रशिक्षण केलं. हे पेट्या घेण्याच्या आधी करायला हवं होतं. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत साहित्याला 50 टक्के अनुदान मिळतं, तेही तिथेच समजलं. जवळच मांघर आहे, 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. तिथल्या एका आजोबांनी विचारलं, "पावसाच्या आधी किती पोळी ठेवता?" मला उत्तर देता आलं नाही.

यंदा मेमध्ये मी मध काढलाच नाही. जानेवारीत सागवानी पेटीत पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, दिसली, तेव्हा वसाहत विभागून दुसरी पेटी भरली होती. तीही आता सागवानीच. दोन्ही पेट्यांत चार-चार पोळ्यांवर मध तसाच राहू दिला. जूनपासून आठवड्यातून एकदा संध्याकाळी साखरेचा पाक, साखर आणि पाणी सारखं. त्याआधी मध कोठी काढून ठेवायची, म्हणजे पाक विकायच्या मधात जात नाही. गिऱ्हाईक विचारतं, "साखर घालता का?" मी सांगते, पावसाळ्यात घालते, आणि तेव्हा मध काढत नाही.

फवारणीचं म्हणाल तर शेजारच्या आंब्याच्या बागेचे भाऊकाका मोहरावर औषध मारतात, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. मी जाऊन म्हटलं, "काका, आदल्या दिवशी फक्त एक फोन करा." ते करतात. रात्री मी दाराला बारीक जाळी लावते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा काढते.

विक्रीसाठी अन्नसुरक्षेची नोंदणी केली, वर्षाला शंभर रुपये भरले. 250 ग्रॅमच्या काचेच्या बाटल्या. यंदा साडेसात किलो निघाला, सहा किलो आठशेच्या भावाने विकला. गेल्या वर्षी विकलेल्या तीन किलोचे सातशेने एकवीसशे आले होते. पेट्या, मध काढायचं यंत्र, जाळी, धुरांडं मिळून जवळपास पंधरा हजार गेले, त्यातले निम्मेही अजून परत आलेले नाहीत. थंडीत मध गोठला की फोन येतात, "ताई, साखर झाली." शुद्ध मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, उकळत्या नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, हे प्रत्येक बाटलीवर लिहिते. बारशाला म्हणून मध मागायला आलेल्यांना मी दिलेला नाही.

बागेत आठवड्यातून एकदा तरी फेरी होत असेल तरच पेटी घ्या. पुण्या-मुंबईहून दोन महिन्यांनी येणाऱ्यांनी घेऊ नये असं मला वाटतं. काल दोन्ही पेट्या उघडल्या. पाऊस सरला आहे, माश्या पायांवर पिवळा पराग घेऊन येत आहेत आणि मेमध्ये ठेवलेल्या चारपैकी दीड पोळं मध अजून शिल्लक आहे.