लेव्होथायरॉक्सिनची गोळी: एका मधुमेही रुग्णाचा अभिप्राय

गेले आठ महिने मी मंदावलेल्या थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची, 50 मायक्रोग्रॅमची गोळी घेत आहे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्यामुळे हा अभिप्राय मुख्यतः दोन्ही आजार एकत्र सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

गोळीने आपले मूळ काम चोख केले. 14 वर गेलेले टीएसएच (थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक) आठव्या आठवड्यातल्या तपासणीत 3.1 वर आले, अंगातला जडपणा आणि दुपारची पेंग गेली. त्याबाबत तक्रारीला जागा नाही.

साखरेच्या नोंदवहीत मात्र निराळेच आकडे दिसू लागले. उपाशीपोटीची साखर, जी एरवी 110 ते 118 च्या दरम्यान असायची, ती पाचव्या आठवड्यापासून 130 च्या खाली येईना. खाण्यापिण्यात किंवा चालण्यात काहीही बदल नसल्यामुळे मी आधी ग्लुकोमीटरवरच संशय घेतला आणि पट्ट्यांची नवी डबी फोडली. तिनेही तेच आकडे दाखवले. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी याविषयी अवाक्षर काढले नव्हते. उलगडा झाला तो खोक्यातल्या, घडीवर घडी घातलेल्या माहितीपत्रकात, आणि तोही भिंग घेऊन वाचल्यावर: मधुमेह असलेल्यांचे साखरेवरील नियंत्रण या औषधाने बिघडू शकते आणि इन्सुलिनची किंवा गोळ्यांची मात्रा वाढवावी लागू शकते. इतकी महत्त्वाची सूचना मुंगीएवढ्या अक्षरात छापणे मला गैर वाटते.

कारण समजून घेतल्यावर भीती गेली. थायरॉइड मंदावलेले असताना आतड्यातून साखर सावकाश शोषली जाते, यकृत रक्तात साखर कमी सोडते आणि इन्सुलिनही शरीरात अधिक वेळ टिकते. संप्रेरकाची पातळी पूर्ववत झाली की हे सगळे पुन्हा नेहमीच्या वेगाने होऊ लागते. अर्थात प्रत्येकाची साखर वाढतेच असे नाही. मंद थायरॉइडमुळे पेशींचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही कमी झालेला असतो, आणि तो सुधारल्यास काहींची साखर उलट उतरते.

खरी फसगत एचबीएवनसीने, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीने केली. बोटावरची साखर वाढत असताना हा आकडा 7.1 वरून 6.8 झाला. उपचार न झालेल्या मंद थायरॉइडमध्ये नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या, म्हणजे साखर अधिक काळ चिकटत गेलेल्या पेशींचे प्रमाण वाढते आणि एचबीएवनसी प्रत्यक्षाहून जास्त दिसते. उपचारानंतर नव्या पेशी आल्या की ते साखर न बदलताही घसरते. या काळात केवळ त्या एका अहवालावर विसंबून राहिलो असतो, तर साखर सुधारली असेच मानून बसलो असतो.

गोळीच्या वेळा पाळणे मात्र कटकटीचे आहे: ती उपाशीपोटी, न्याहारीच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची. मी आता बोट आधी टोचतो, मग गोळी घेतो.

शेवटी माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची मात्रा वाढवली आणि आकडे पुन्हा 115 च्या आसपास आले. थायरॉइडची गोळी बंद करण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांनी आणखी एक सांगून ठेवले आहे: पुढे कधी थायरॉइडची मात्रा कमी झाली तर साखर खालीही जाऊ शकते, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शरीरातले इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी तेव्हा अधिक जपायला हवे.