गांडूळ की प्लास्टिकचा बेडूक?

पाणी गढूळ आणि वेळ तिन्हीसांजेची असेल तर मी डोळे मिटून गळाला गांडूळ लावतो. शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशांच्या मिशांवरच नव्हे, तर अंगावरही चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. अंधारातही त्यांना आमिष सापडतं. फक्त ते तळाला टेकलेलं हवं.

मरळीचं गणित वेगळं. ती पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते, भक्ष्य डोळ्यांनी हेरते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर टिपते. तिथे प्लास्टिकचा बेडूक झटके देत ओढायचा, मध्येच थांबवायचा. माझ्या गळाला मरळ बहुतेकदा त्या थांब्यावरच लागली आहे. (हात शिवशिवतात, पण थांबायचं!)

थंडीत माशाचं अंगही पाण्याइतकंच गार, पचन मंद. मग बेडूक पळवण्यात अर्थ नाही, गांडूळच बरं.