१,४८० रुपयांची टायमिंग लाइट, पद्मिनीवर दोन महिने वापरून

आधी सांगतो की मी मेकॅनिक नाही, नोकरी करून रविवारी बोनेट उघडणारा माणूस आहे. गाडी ९४ची पद्मिनी, एमएच-०४, पहिल्यापासून घरातलीच. पावसाळ्यानंतर एका गॅरेजमध्ये फुल ट्युनिंग करून घेतलं (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही) आणि गाडी घरी आणली तेव्हापासून पिकअप गायब, घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर, आणि चढावर दुसरा टाकला तरी कुंथतेय. परत नेली तर म्हणाला साहेब आवाजावर लावलंय टायमिंग (म्हणजे प्लगला करंट नेमका कधी पडणार ते), एकदम बरोबर आहे. आता आवाजावर लावणारे उस्ताद असतात हे मान्य, पण हा २३-२४ वर्षांचा पोरगा, त्याने आयुष्यात किती डेल्को (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) उघडले असतील? ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी पण बंद झाली, पोरं शिकणार कशावर.

म्हणून ही लाइट ऑनलाइन मागवली. ब्रँड असा काही नाहीच, पिस्तुलासारखी गन, बॅटरीला लावायचे लाल-काळे दोन चिमटे आणि एक नंबरच्या प्लगच्या वायरवर बसणारा क्लॅम्प. मागे ० ते ६० डिग्रीचा डायल. सोबतचं मॅन्युअल बहुतेक चिनी भाषेत. क्लॅम्पवर एक बारीक बाण आहे तो प्लगच्या दिशेने ठेवायचा, मी उलटा लावला आणि लाइट नीट पेटेचना म्हणून रिटर्नची रिक्वेस्ट टाकून बसलो होतो, ती नंतर गुपचूप कॅन्सल केली.

काम काय करते ते थोडक्यात. एक नंबरला करंट गेला की लाइट चमकते, म्हणजे ८०० आरपीएमला मिनिटाला ४०० वेळा, आणि दर वेळी क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) पुली त्याच जागी असल्यामुळे पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते. ती खूण कव्हरवरच्या खुणेच्या अलीकडे की पलीकडे यावरून करंट पिस्टन वर पोचायच्या किती आधी पडतोय ते कळतं. आधीच पाडावा लागतो कारण पेट्रोल भक्कन नाही पेटत, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात इंजिन पुढे गेलेलं असतं. ८०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात पाच डिग्रीपण फिरत नाही, ४०००ला २४ डिग्री फिरतो. म्हणून स्पीड वाढला की डेल्कोच्या पोटातली वजनं बाहेर फाकतात आणि करंट अजून आधी पाडतात, यालाच एडव्हान्स म्हणतात. हा भाग लक्षात ठेवा, माझी सगळी भानगड इथेच निघाली.

दिवसा लाइट काही कामाची नाही, उन्हात फ्लॅश दिसतच नाही. मी रात्री साडेदहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोकळ्या बाजूला गाडी लावून केलं (बेसमेंटमध्ये करू नका, धूर कोंडतो आणि सेक्रेटरीपण येतो). पुलीवरची खूण काळ्या ऑइलखाली गडप होती, केरोसीनने पुसून पोराच्या दप्तरातल्या व्हाइटनरचा एक ठिपका दिला. आणि एक सांगतो, सिरियसली घ्या. या उजेडात पंखा संथ, जवळजवळ थांबलेला दिसतो. मला माहीत असूनसुद्धा माझा हात आपोआप पुढे गेला, वायर पात्याला घासून टर्रर्र झालं तेव्हा भानावर आलो. वायरीला अजून तो ओरखडा आहे.

तर पहिल्या फ्लॅशलाच खूण दिसली ती वर पोचून पुढे गेलेली, म्हणजे करंट उशिरा, पूर्ण रिटार्ड. लगेच डेल्को फिरवायचा मोह होतो, तो आवरा. आधी पॉइंट बघा, म्हणजे डेल्कोतला तो छोटा स्विच, जो उघडला की प्लगला करंट जातो. माझ्या पॉइंटची टाच झिजून गॅप इतका कमी झालेला की ०.२५ची फिलर पातीपण अडकत होती. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. मॅन्युअलप्रमाणे गॅप केला तर खूण अर्धं अंतर स्वतःच परत आली. उरलेलं डेल्कोचा बोल्ट सैल करून, रोटर (डेल्कोच्या आत फिरणारा तुकडा) फिरतो त्याच्या उलट दिशेला केसभर फिरवून. केसभर म्हणजे खरंच केसभर, कारण डेल्को एक डिग्री फिरवला की क्रँकवर दोन होतात. ज्यांच्या गाडीला व्हॅक्यूमचा पाइप आहे, म्हणजे कार्बोरेटरवाली मारुती वगैरे, त्यांनी तो काढून बूच मारून मग बघायचं.

आता खरं बोलतो, इथपर्यंतचं काम दहा-वीस रुपयांच्या १२ व्होल्ट बल्बने पण होतं. एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला, एक अर्थला, इग्निशन ऑन, गाडी टॉप गियरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलायची, बल्ब पेटला की पॉइंट उघडला. कळव्याचे आमचे जुने मास्टर आजही असंच लावतात आणि गाडी फर्स्ट सेल्फला उठते.

पण बल्ब सांगू शकत नाही ते पुढचं. आयडलला खूण बरोबर बसवली, मग बायकोला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावला (ती म्हणे अजून किती वेळ, सिरियल गेली) आणि खूण हललीच नाही. ढिम्म. आतली वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये चिकटून बसलेली. म्हणजे गॅरेजवाल्याने कितीही आवाजावर लावलं असतं तरी वर स्पीडला गाडी मारच खाणार होती. प्लेट काढून पेट्रोलने धुतलं, स्प्रिंगा तपासल्या, रोटरखाली दोन थेंब ऑइल, जास्त नाही, पॉइंटवर उडालं तर मिसिंग. परत बघितलं तर रेस दिली की खूण सर्रकन सरकते, सोडली की परत जागेवर.

दुसऱ्या दिवशी उपवनवरून येऊरचा चढ, चार माणसं बसवून. थोडी खडखड आली, म्हणजे जरा जास्तच एडव्हान्स झालेलं, खाली येऊन किंचित मागे घेतलं, मग गप्प. काटा पण मध्यावर.

तक्रारी आहेत. डायल खोटा आहे. पुलीचा घेर फितीने मोजून ३६०ने भागला की एका डिग्रीला किती ते निघतं, १२० मिमी व्यासाला साधारण १ मिमी, तशा खुणा केल्या तर डायल १० म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात १४ असतात. मी डायल शून्यावर ठेवून पुलीवरच्या खुणाच वाचतो. चिमट्यांची स्प्रिंग लेचीपेची, वायर लांबीला आखूड.

पाचपैकी साडेतीन. फक्त वर्षातून एकदा टायमिंग लावायचं असेल तर बल्ब घ्या आणि उरलेल्या पैशात पॉइंटचे दोन सेट घेऊन ठेवा. एडव्हान्स चालतोय का बघायचं असेल तर घ्या. मास्टरना दाखवायला नेली तर हसले, आम्हाला नाय लागत म्हणाले, आणि जाताना हळूच विचारलं एक दिवस ठेवून जाता का. गेल्या गुरुवारपासून तिथेच आहे.